सायप्रसचे नित्युंदन

होणाऱ्या जावयाकडे थुंकी कशी मागावी, याबद्दल आपल्याकडे काही रीत ठरलेली नाही. बैठकीत मानपानापासून आहेरापर्यंत सगळ्याचं बोलणं होतं, एवढं एक राहून गेलेलं आहे. तेव्हा मी आपला स्टेलिओसला लाउंजमध्ये बसवलं, अरुणा किचनमध्ये असल्याची खात्री करून घेतली, वॉटफर्डच्या हवेबद्दल बोलण्यासारखं जे काही होतं ते दोन मिनिटांत संपवलं आणि नळी पुढे करून म्हटलं, "यात थोडं थुंकशील का?"

"शुअर," तो म्हणाला. कशाला, असंही विचारलं नाही. एकतीस वर्षांचा, सहा फूट दोन इंच उंचीचा, चार्टर्ड सर्व्हेअर झालेला माणूस. सासऱ्याने नळी दिली आणि तो थुंकला. आमच्या ऋजुताने मुलगा चांगला निवडलाय, हे मी तेव्हाच मनात मान्य केलं. उघड मान्य करायला अजून अवकाश होता.

सुरुवात एका फॉर्मपासून झाली. लग्न लावणारे रघुवीर गुरुजी ब्रॅकनेलला राहतात. सोमवार ते शुक्रवार एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग लीड, शनिवार-रविवार पौरोहित्य. मूळचे नागपूरचे, वय अडतीस. ते मला काका म्हणतात, मी त्यांना गुरुजी म्हणतो, म्हणजे कुणाचाच अपमान होत नाही. टेस्टिंगवाला माणूस असल्यामुळे त्यांचं सगळं पद्धतशीर असतं. लग्न ठरल्याबरोबर त्यांनी ऑनलाइन फॉर्म पाठवला. वधूचं नाव, वधूचं गोत्र, वराचं नाव, वराचं गोत्र. प्रत्येक रकान्यापुढे लाल चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय सुटका नाही.

स्टेलिओसचे आजी-आजोबा सायप्रसमधल्या लार्नाकाहून इकडे आले. वडील मिखालिस यांचं पामर्स ग्रीनला फिश अँड चिप्सचं दुकान आहे. या घराण्यात गोत्र असण्याची शक्यता मला कमी वाटली, म्हणून मी गुरुजींना फोन केला.

"काश्यप टाका ना, काका," ते म्हणाले. "गोत्र माहीत नसलं की काश्यप. डिफॉल्ट व्हॅल्यू आहे ती."

आता इथे मला लागलं. आमचं गोत्र नित्युंदन. तुम्ही ऐकलं नसेल. बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, आणि सांगितल्यावर 'काय म्हणालात?' असं विचारतात, तेव्हा मला बरं वाटतं. अशा घरातल्या एकुलत्या एका मुलीचा नवरा डिफॉल्ट? आमच्या मराठी मित्र मंडळातल्या मालविकाताईंचा स्कॉटिश जावई काश्यप, कुणाचा तरी पोलिश जावई काश्यप, न्यूझीलंडहून दोन आठवड्यांसाठी आला आणि लग्न करून गेला तोही काश्यप. हार्टफर्डशरमधले यच्चयावत गोरे जावई काश्यप आहेत.

मी चौतीस वर्षं इन्शुरन्समध्ये जोखमीची गणितं मांडणारा अ‍ॅक्चुअरी होतो. 'माहीत नाही' या उत्तरावर माझा कधीच विश्वास नव्हता. माहीत नाही म्हणजे कुणी शोधलेलं नाही. गोत्र म्हणजे तरी काय? बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, असं करत मूळ पुरुषापर्यंत जायचं. आणि विज्ञान आता नेमकं तेच करतं. बापाकडून मुलाला जो वाय क्रोमोसोम जातो, तो पिढ्यान्‌पिढ्या जवळपास जसाच्या तसा जातो. त्यात मधेच एखादा बदल होतो, त्या बदलावरून घराण्यांच्या शाखा पडतात आणि शाखेला हॅप्लोग्रुप म्हणतात. ऋषींनी जे आठवणीवर केलं ते लॅब थुंकीवर करते. हे मी अरुणाला नीट समजावून सांगितलं.

"करा काय करायचं ते," ती म्हणाली, "पण आधी पाहुण्यांची यादी संपवा."

मी दोन किट मागवले. एक स्टेलिओसचा, एक माझा. माझा कशाला, असं नंतर मला पुष्कळांनी विचारलं, आणि विचारण्याची पद्धत फारशी सौम्य नव्हती. कोणत्याही मोजमापाला तुलना लागते, एवढंच माझं म्हणणं होतं. तो दुसरा किट मागवला नसता तर मी आज ही हकीकत सांगत बसलो नसतो.

स्टेलिओसचं पहिलं सँपल फुकट गेलं. थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. आमच्या घरात आलेला माणूस अर्धा तास न खाता बसू शकत नाही. बाविसाव्या मिनिटाला अरुणाने त्याला चिवडा दिला होता आणि तिला वाईट वाटू नये म्हणून त्याने खाल्ला होता, हे मला तीन आठवड्यांनी लॅबकडून कळलं. चिवडा असं त्यांनी लिहिलं नव्हतं, 'वनस्पतिजन्य पदार्थ' असं लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी मी त्याला गाडीत बसवून ठेवलं.

मग पोस्ट ऑफिस. लॅब अमेरिकेत असल्यामुळे कस्टम्सचा फॉर्म भरावा लागतो. काउंटरवरच्या, सगळ्यांनाच 'लव' म्हणणाऱ्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे, लव?"

"माझ्या होणाऱ्या जावयाची थुंकी."

त्यांनी चष्मा वर केला. मागे सात माणसांची रांग होती आणि इंग्रज रांगेची ऐकायची एक पद्धत आहे, ती सगळी आपापल्या बुटांकडे बघत ऐकते. "गिफ्ट की कमर्शियल सँपल?" बाईंनी विचारलं. यातलं कुठलंच नाही, असं मी म्हटलं. तिसरा पर्याय त्यांच्या स्क्रीनवर नव्हता. त्यांनी आतून मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने तोच प्रश्न विचारला, मी तेच उत्तर दिलं, आणि शेवटी आमच्या जावयाची थुंकी 'गिफ्ट' म्हणून रवाना झाली.

एप्रिलच्या शेवटी रिपोर्ट आले. स्टेलिओस: हॅप्लोग्रुप जे-टू. मी: हॅप्लोग्रुप जे-टू. सोबत एक नकाशा होता. त्यात भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाकडून एक बाण सायप्रस-क्रीटकडे निघालेला आणि दुसरा इराणवरून खाली, थेट आमच्याकडे. खाली लिहिलं होतं, दोघांचाही पितृवंशातला समान पूर्वज, अंदाजे चौदा हजार वर्षांपूर्वी.

मी खुर्चीत बसलो. मग उठलो आणि पुन्हा बसलो. माझ्या आजोबांचे डोळे घारे होते आणि त्यांना समुद्राची आवड होती, हे मला एकदम आठवलं. जावई डिफॉल्ट तर नव्हताच, चक्क आपल्यातला निघाला. मी त्या दुपारीच फॉर्ममध्ये 'वराचे गोत्र' या रकान्यात 'नित्युंदन' असं लिहिलं आणि गुरुजींसकट एकशे बारा जणांना ईमेल केला. विषय: 'आपला आणि चि. स्टेलिओसचा मूळ पुरुष एकच.' रिपोर्ट सोबत जोडले होते.

मंडळाने भाषण ठेवलं. म्हणजे मीच सुचवलं आणि त्यांनी नाही म्हटलं नाही. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी चर्च हॉलमध्ये चाळीस माणसं, चहा, सामोसे आणि माझ्या सत्तावीस स्लाइड. भाषण चांगलं चाललं होतं. शेवटी प्रश्नोत्तरं. पहिला हात वर केला तो श्रीकांतने.

हा श्रीकांत म्हणजे मंडळाचा अध्यक्ष आणि माझा शेजारी. आमच्या दोघांच्या बागांमध्ये कुंपण आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने ते नवीन बसवलं आणि गुळगुळीत बाजू स्वतःकडे ठेवून फळ्यांचे आडवे दांडे माझ्याकडे केले. या देशात चांगली बाजू शेजाऱ्याकडे ठेवतात. हे सर्वांना माहीत आहे, त्यालाही माहीत होतं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मंडळाच्या सभेत तो मला 'वक्ते' म्हणतो आणि मी त्याला 'अध्यक्ष महाराज' म्हणतो.

"वक्त्यांना एक शंका विचारायची आहे," श्रीकांत म्हणाला. "मूळ पुरुष एक, गोत्र एक. मग हे लग्न सगोत्र झालं ना? सगोत्र लग्न चालतं का आपल्यात?"

हॉल हसला. मीसुद्धा मोठ्या मनाने हसलो. तिसऱ्या रांगेत बसलेले रघुवीर गुरुजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला आणि काहीतरी टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्यांच्या लंच ब्रेकमध्ये, त्यांचा फोन आला. "काका, टेन्शन नका घेऊ. पण हे ब्लॉकर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे रिलीज होत नाही. वधू नित्युंदन, वर नित्युंदन. एका गोत्रात लग्न मी नाही ना लावू शकत. बहीण-भाऊ झाले ते."

"अहो, चौदा हजार वर्षांपूर्वी!"

"शास्त्रात एक्स्पायरी डेट नाही दिलेली, काका."

मग काश्यप करून टाका, असं मी म्हटलं. त्यावर गुरुजी अतिशय सभ्यपणे म्हणाले, "काश्यप माहीत नसल्यावर टाकतात. तुम्ही तर रिपोर्ट जोडला आहे."

मी गोत्र आणि हॅप्लोग्रुप या भिन्न गोष्टी आहेत असं सांगायला सुरुवात केली. त्या एकच आहेत हे सांगणारी माझी सत्तावीस स्लाइडची फाइल त्यांच्याकडे होती. त्यातली एकोणिसावी स्लाइड त्यांनी मला वाचून दाखवली.

लग्नाला साडेपाच आठवडे होते. हॉल ठरलेला, केटरर ठरलेला, पुण्याहून सोळा माणसांची तिकिटं झालेली. दुसरे गुरुजी बघावेत तर जूनमधले सगळे शनिवार सगळ्या गुरुजींचे आधीच गेलेले. एकजण व्हिडिओवर लावून द्यायला तयार होते, पण अरुणा म्हणाली, मी टीव्हीकडे बघून अक्षता टाकणार नाही. आणि खरं सांगायचं तर रघुवीर गुरुजी 'चालेल' म्हणाल्याशिवाय मलाही चैन पडलं नसतं. एकदा कळलेली गोष्ट कळलेलीच राहते.

ऋजुता वॉटफर्डमध्येच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. इथेच जन्मली, मराठी बोलते ते माझ्या समाधानासाठी. ती म्हणाली, "बाबा, हे सगळं तुझी फॉल्ट आहे. तो माणूस किती जुनी आहे! तेव्हा शेती पण नव्हता."

गुरुजींनी उपाय सांगितला. जुनाच आहे, आपल्यात पूर्वीपासून करत आले आहेत. मुलगी मामाला दत्तक द्यायची. मामाचं गोत्र वेगळं, म्हणजे तिचं गोत्र बदललं, दोष गेला. फक्त कन्यादान मग मामा-मामी करतात. "नोन इश्यू, नोन फिक्स," गुरुजी म्हणाले.

मामा म्हणजे अरुणाचा धाकटा भाऊ सुयश, इल्फर्डला असतो. सुयशचा मला राग येऊ शकत नाही, हीच त्याची अडचण आहे. तो कधीच कुणाचं काही वाईट करत नाही. "भाओजी, काही काळजी करू नका, मी आहे ना," असं तो फोनवर म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी ग्रीन स्ट्रीटवरच्या देशी दुकानातून लाल काठाचा पीतांबर घेऊन आला. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर त्याचा फोटो. पीतांबर नेसून लाउंजमध्ये उभा, शेजारी त्याची बायको रश्मी तांब्यातून पाणी घालायची प्रॅक्टिस करतेय. खाली बावीस लाइक्स. त्यात एक अरुणाचा होता.

मी म्हटलं, ठीक आहे. विधी आहे, कुणीतरी करायचाच. मला काय, मी बसून बघेन. असं मी चार दिवस सगळ्यांना सांगत होतो, आणि कुणी विचारलेलं नसतानाही सांगत होतो.

पाचव्या दिवशी ऋजुता सीटिंग प्लॅनचं स्प्रेडशीट घेऊन घरी आली. तिने सगळं रंगवलेलं होतं, सायप्रसकडचे निळे, आपले केशरी. मी विचारलं, कन्यादानाच्या वेळी मी कुठे?

"यू अँड आई, फ्रंट रो," तिने बोटाने दाखवलं.

"आणि मी करायचं काय?"

"काहीच नाही, बाबा. यू कॅन रिलॅक्स."

ती स्क्रीनकडेच बघत होती. थोड्या वेळाने, डोकं वर न करता म्हणाली, "मला वाटला होता तू असणार तिथे. इट्स फाइन."

मी लॉनमोवर बघून येतो असं सांगून गराजमध्ये गेलो. तिथे मला रडू आलं. फार नाही, पण आलं. एकुलती एक मुलगी, आणि तिच्या लग्नात तिचा हात दुसरा कुणीतरी धरणार. आणि ही व्यवस्था कुणी दुष्टाव्याने केलेली नव्हती, मी स्वतः दोन किट मागवून, कस्टम्सचा फॉर्म भरून केली होती. लॉनमोवरला काही झालं नव्हतं, पण मी तो पुसून काढला.

दुसऱ्या दिवशी ट्रेनने ब्रॅकनेलला गेलो. गुरुजी ऑफिसच्या कॅफेटेरियात भेटले, गळ्यात आयडी कार्ड, पुढ्यात जॅकेट पोटॅटो. मी म्हटलं, "गुरुजी, एका बाजूला फिक्स करता येतो, तर दुसऱ्या बाजूला का नाही? मुलगी दत्तक देण्याऐवजी मुलगाच कुणीतरी दत्तक घेतला तर?"

गुरुजींचा काटा बटाट्यात तसाच राहिला. मग त्यांनी लॅपटॉप उघडला. "टेक्निकली पास होतं, काका," ते म्हणाले. "वराचं गोत्र बदललं की झालं. कन्यादान तुमचं तुमच्याकडे. फक्त घेणारं जोडपं आपल्यातलं पाहिजे, गोत्र तुमचं नको, आणि ते मग वरमाय-वरबाप. म्हणजे तुमचे व्याही."

सुयशच घेईल ना, मी म्हटलं. गुरुजींनी मान हलवली. स्टेलिओस सुयशचा मुलगा झाला, म्हणजे ऋजुताचा मामेभाऊ झाला. "नवीन ब्लॉकर उघडेल."

मग शोधाशोध. वॉटफर्डात विवाहित, तयार आणि त्या तारखेला इथे असलेली जोडपी मी मोजली. मालविकाताई त्या आठवड्यात सुट्टीवर टेनेरिफला. एकजण उत्साहाने हो म्हणाले आणि मग कळलं की तेही नित्युंदन. (हा माणूस मला अकरा वर्षं ओळखत होता आणि बोलला नव्हता.) बाकीच्यांनी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, भीती घातली. दत्तक म्हटलं की कायदा आला, उद्या सोशल वर्कर दारात उभा राहील. मी कायदा पाळणारा माणूस. कौन्सिलला ईमेल करून टाकला की आम्ही एका एकतीस वर्षांच्या चार्टर्ड सर्व्हेअरचं केवळ धार्मिक स्वरूपाचं दत्तकविधान करत आहोत, तरी आपली काही हरकत आहे का. उत्तर आलं, मुलाची जन्मतारीख आणि शाळेचं नाव कळवा. मी कळवलं की शाळा तेरा वर्षांपूर्वी संपली. त्यावर एक फार समजूतदार बाईंचा फोन आला. मुलगा सुरक्षित आहे का, त्याला स्वतःला काय वाटतं आणि त्याला एकट्याला बोलता येईल का, असं त्यांनी विचारलं. स्टेलिओसने त्यांना परत फोन करून आपण सुरक्षित असल्याचं सांगितलं. तिथे केस बंद झाली.

पण मूळ बापाला कोण सांगणार? मी पामर्स ग्रीनला गेलो. मिखालिस फ्रायरपाशी उभे होते. मी सगळं सांगितलं, चौदा हजार वर्षांसकट. मला वाटलं, हे आता गरम तेलाच्या इतक्या जवळ बोलायला नको होतं. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "माझ्या भावाला एलेनीशी लग्न करायचं होतं. एलेनीच्या बाप्तिस्म्याला आमची आई तिची धर्ममाता झाली होती. चर्च म्हणालं, मग ती बहीण झाली. संपलं. तो मेलबर्नला गेला तो गेलाच." त्यांनी तेलातली जाळी वर काढून झटकली. "तुमच्याकडे निदान काही उपाय तरी आहे. नवीन बाप कोण?"

"माझा शेजारी," मी म्हटलं, कारण आता यादीत तेवढाच उरला होता.

"माणूस चांगला आहे?"

मला खोटं बोलता येत नाही. मी विचार केला. "कुंपणाचं सोडलं तर चांगला आहे," मी म्हटलं. त्यांनी मला एक तळलेला हॅडॉक मासा बांधून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी मी दोन वर्षांनी श्रीकांतची बेल वाजवली. त्याने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि "या" म्हणाला. मी त्याच्या सोफ्यावर बसून सगळं सांगितलं. तो हसेल अशी माझी खात्री होती. त्याऐवजी त्याने चष्मा काढला आणि पुसला.

"म्हणजे मी तुमचा व्याही होणार, जयंतराव."

"हो."

"सीमांतपूजनाला तुम्ही मला शेला-नारळ देणार."

"हो."

"आणि नमस्कार?"

"तोही."

"वाकून?"

मी त्याच्याकडे बघितलं. आम्ही मुलीकडचे, तो मुलाकडचा. ही पायरी काही एका दिवसाची नव्हती. पुढे प्रत्येक सणाला, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला, हा माणूस वर आणि मी खाली. "वाकून," मी म्हटलं.

त्याने चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाला, "मला दोन मुलगेच आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. दोघं मँचेस्टरला. मुलीचं लग्न आमच्या नशिबात नव्हतं. मी तुमच्या जागी असतो तर मीही आलो असतो." मग लगेच, गंभीर वातावरण त्याला झेपत नसल्यामुळे, तो चहा टाकायला उठला.

मी विचारलं, "गुरुजींना लिहून द्यायचंय. तुमचं गोत्र कोणतं?"

"काश्यप," तो किचनमधून म्हणाला.

मी चहा येईपर्यंत भिंतीकडे बघत बसलो. गुरुजींना कळवलं तेव्हा त्यांनी फॉर्ममध्ये नित्युंदन खोडून काश्यप टाकलं, आणि त्यांना जे सुचलं असेल ते ते बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

दत्तकविधान आमच्या मागच्या बागेत झालं, कारण घरात होम केला की स्मोक अलार्म वाजतो. दत्तक मुलाला मांडीवर घ्यावं लागतं. श्रीकांतच्या गुडघ्याचं फेब्रुवारीत ऑपरेशन झालं होतं आणि स्टेलिओसचं वजन चौऱ्याण्णव किलो. टेकल्यासारखं केलं तरी चालेल का, असं मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "कॉन्टॅक्ट पाहिजे, काका. तीस सेकंद." ऋजुता एका बाजूला वाकून सूचना देत होती, वेट डाव्या पायावर, स्टेल, डाव्या. स्टेलिओस अर्धवट बसलेला आणि अर्धवट उभा, त्याच्या मांड्या थरथरतायत, खाली श्रीकांत डोळे मिटून, शेजारी त्याची बायको त्याच्या पाठीला हात देऊन. गुरुजी फोनवर सेकंद मोजत होते. मिखालिस सूट घालून आले होते. 'मी दिला' असं म्हणायची त्यांची पाळी आली, तेव्हा इतका वेळ हे सगळं कौतुकाने बघणारा तो माणूस थांबला. दुसऱ्यांदा म्हणायला गेले आणि शब्द अर्ध्यावरच राहिला. श्रीकांत मांडीवर चौऱ्याण्णव किलो घेऊन म्हणाला, "रविवारी तुमच्याकडेच जेवू द्या त्याला." मग मिखालिस म्हणाले, दिला.

सुयशला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. "अरेच्चा," तो म्हणाला, आणि मग, "भाओजी, पीतांबर तुमच्याच मापाचा आहे." त्याने तो दुसऱ्या दिवशी आणून दिला.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी श्रीकांतला शेला दिला, नारळ दिला आणि वाकलो. दोनशे माणसं बघत होती, त्यातल्या एकशे बारा जणांना माझा ईमेल गेलेला होता. कुणीतरी खोकलं. मी सरळ झालो तेव्हा श्रीकांतने माझे दोन्ही हात धरले आणि "पुरे" एवढंच म्हणाला. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरंच सोपं गेलं.

मग कन्यादान. खाली काशाचं भांडं, त्यावर स्टेलिओसची ओंजळ, त्यावर ऋजुताची, वर माझी. शेजारून अरुणा तांब्यातून पाण्याची धार धरते, ती माझ्या हातावरून तिच्या हातावर, तिथून त्याच्या हातात. गुरुजी म्हणत होते आणि मी त्यांच्या मागून म्हणत होतो. ऋजुताचे हात गार होते. लहानपणीही असायचे, शाळेत सोडताना ती माझ्या कोटाच्या खिशात घालायची.

"काका, आता हात काढा," गुरुजी म्हणाले.

मी ऐकलं. पण हात काढायचे असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे माहीत होतं, माहीत कसं नसेल, आयुष्यात पन्नास लग्नं बघितली. साडेपाच आठवडे मी या हातासाठी धावत होतो, ब्रॅकनेलला गेलो, पामर्स ग्रीनला गेलो, श्रीकांतपुढे वाकलो, आणि हे काम हात धरण्याचं नाही, सोडण्याचं आहे, हे तिथे पाटावर बसल्यावर लक्षात आलं. सुयश बिचारा हे माझ्याऐवजी हौसेने करायला तयार होता.

"काका," गुरुजी हळूच म्हणाले, "हात."

"बाबा," ऋजुता म्हणाली, "सोड आता. मी इथेच आहे, वॉटफर्डमध्ये."

मी हात काढून घेतले. गुरुजींनी थांबायला सांगितलं, तरी अरुणा तांब्यातलं पाणी संपेपर्यंत ओततच राहिली.